तिसऱ्या धुनेतलं ‘टक्’
आज कपाटात फीत लोंबणारी एक जुनी कॅसेट सापडली आणि सांगलीतली, विश्रामबागेतली हळदीच्या वासाची ती खोली आठवली. नव्वदच्या दशकात तिथे मी गुरुजींकडे स्वरमंडळ शिकत होते. एकदा वडूजचे एक निवृत्त सुभेदार हार्पची, म्हणजे माणसाएवढ्या उभ्या पाश्चात्त्य तंतुवाद्याची, ही परदेशी कॅसेट घेऊन आले. पहिली धून संथ, लाटांसारखी; दुसरी लग्नातल्या नाचासारखी उड्या मारणारी. मी हरखून गेले. तिसरीत मात्र मध्येच ‘टक्’ झालं आणि सूरच बदलले. आमच्याकडे राग बदलायचा तर एकेक तार चावीनं पुन्हा लावावी लागते. “जोडकाम आहे हे,” गुरुजी म्हणाले. “आवं गुरुजी, बाई पायानं सूर बदलती. साहेबांच्या मेसमधी म्या बघितलंय!” सुभेदार म्हणाले. “पायानं? वाद्य आहे का मोटारसायकल?” गुरुजींनी सगळी फीत बाहेर ओढली आणि उजेडात धरून जोड शोधला. तो सापडेना, तेव्हा म्हणाले, “मग कारखान्यातच जोडलीय.” सुभेदार चहा न पिता, कॅसेट तिथंच टाकून निघून गेले; ती मी घरी आणली. परवा पुण्यात एका मैफलीत पहिल्यांदा हार्प समोर पाहिली. वाजवणारीचा पाय हलला, ‘टक्’ झालं, सूर बदलले. तरीही मी मान वाकडी करून पडद्याआड दुसरं कोणी वाजवत नाही ना, ते बघून घेतलं.