पाणी आत जाईना
साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास आला की मला सोमेश्वरनगरजवळचा ऊसतोड कामगारांचा तो तळ आठवतो. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी उपकेंद्रात नर्स म्हणून नवीनच लागले होते. भर दुपारी उसाच्या पाचटानं शाकारलेल्या एका कोपीत दीड वर्षांची पोर निपचित पडली होती. सकाळपासून जुलाब, डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. तिची आई वाटीनं नुसतं पाणी पाजत होती आणि तेही टिकत नव्हतं. माझ्याजवळची जुलाबावर पाण्यात कालवून द्यायच्या औषधाची पाकिटं आधीच्या कोप्यांतच संपली होती. मी म्हणाले, "अगं, साखर-मीठ घाल त्यात. आतड्यातल्या पेशींना बारीक पडदा असतो. साखर नि मीठ जोडीनं आलं तरच तो ते नीट आत घेतो, आणि त्यांच्यामागं पाणी जातं." ती म्हणाली, "मीठ हाय बाई. साखर न्हाय." रोज गाड्या भरून ऊस तोडणाऱ्या त्या तळावर मी सात कोप्या हिंडले, तेव्हा कुठं मूठभर साखर मिळाली. परत आले तर पोरीला घोटही गिळता येत नव्हता. दवाखान्यात न्यायला बोलावलेल्या जीपची वाट बघत आम्ही दोघी चमच्यानं तिचे ओठ ओले करत राहिलो. जीप यायच्या आधीच ती गेली. बऱ्याच वेळानं आईनं विचारलं, "बाई, सकाळीच साखर घातली असती तर वाचली असती व्हय?" मी म्हणाले, "नाही गं, दुखणंच मोठं होतं." आता मी निवृत्तही झाले आहे. ते खोटं होतं हे मला बोलतानाच ठाऊक होतं, आणि तिच्या बघण्यावरून वाटतं, तिलाही.