गल्लीला नाव मिळालं तेव्हा

आमच्या सोसायटीमागची गल्ली बंद करावी की नाही, यावर नगरपालिकेत कित्येक महिने वाद चालला होता. दिल्लीच्या कडेला शेतं विकून उभं राहिलेलं ते उपनगर. गल्लीच्या अलीकडे केंद्र सरकारात नोकरी करणाऱ्यांच्या नव्या सोसायट्या, पलीकडे जुन्या कारखान्यांतल्या कामगारांची वस्ती. नोकरदारांकडे गाड्या आल्या, मग गाड्यांतले टेप चोरीला जायला लागले आणि चोर त्या गल्लीतूनच येतात हे सगळ्यांना एकदम कळलं. चोर कोणी पाहिला नव्हता. पण कळलं होतं.

माझी आत्या त्याच गल्लीतून यायची. बाबांची मोठी बहीण. तिचे यजमान कामाला होते तो कारखाना बंद पडला, पाठोपाठ तेही गेले आणि वस्तीतली एक खोली तेवढी तिच्याकडे उरली. आमच्याकडे राहायला ये म्हणून बाबांनी तिला किती विनवलं! पण रात्री दाराला कुलूप दिसलं की त्या वस्तीत खोलीवर दुसऱ्याचा कब्जा व्हायचा. म्हणून झोपायला तिकडे आणि संध्याकाळी जेवायला आमच्याकडे. येताना मेथीची जुडी निवडून आणायची, म्हणजे फुकट जेवल्यासारखं वाटायला नको. तिच्या शेजारीपाजारी मराठी कळणारं एक माणूस नव्हतं. दिवसभराचं साठलेलं बोलणं आमच्या दारातच सुरू व्हायचं, आणि आई म्हणायची, "वन्सं, आधी आत तरी या."

गल्ली बंद झाली तर हायवेवरून वळसा होता. फुटपाथ नाही, अंगावर येणारे ट्रक. आत्याचा एक डोळा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये गेलेला, गुडघे कामातून गेलेले. ती हायवेवरून येऊ शकणार नाही, हे आम्ही सगळे जाणून होतो. जेवताना तो विषय मात्र कोणी काढत नसे.

बाबा हाडाचे सरकारी नोकर. मोर्चा काढणं, आवाज चढवणं त्यांच्याच्यानं होणारं नव्हतं. अर्ज लिहावा तर त्यांनीच. त्यांनी एक शक्कल लढवली. उभी हयात दिल्लीतल्या ऑफिसात काढल्यावर त्यांचं ठाम मत झालं होतं की थोर माणसाचं नाव दिलेल्या रस्त्याला कोणी हात लावत नाही. "एकदा नाव पडू दे. मग बघतो कोणाची हिंमत होते ते." आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या मंडळींना ते एकदम पटलं. महाराष्ट्रातल्या एका थोर पुरुषाचं नाव गल्लीला द्यावं असा अर्ज शुद्ध हिंदीत गेला, खाली झाडून सगळ्यांच्या सह्या. आत्याला कोण आनंद झाला! "माझा भाऊ डोकेबाज आहे," असं ती आम्हालाच पुन्हा पुन्हा सांगायची.

सभेला बाबा मला घेऊन गेले. मी अकरावीत होते, लोकशाही कशी चालते ते मी बघावं अशी त्यांची इच्छा होती. बघितली. तोवर गल्लीचा ठराव अडून राहिला होता, कारण वस्तीतली मतं जातील म्हणून निम्मे नगरसेवक कचरत होते. बाबांचा अर्ज वाचला गेला आणि दोन्हीकडच्यांचे चेहरे खुलले. नाव द्यायचं तर भव्य द्वार हवं, एकजण म्हणाला. द्वार म्हटल्यावर लोखंडी फाटक आलं, फाटक म्हटल्यावर कुलूप. वस्तीतून निवडून आलेला नगरसेवक उठला. "पैदल चलने वालों के लिए छोटा दरवाज़ा तो छोड़ दीजिए."

"इतने महान पुरुष के नाम के नीचे से लोग झुककर निकलेंगे? शोभा देता है?" द्वार सुचवणारा म्हणाला.

वस्तीतला नगरसेवक खाली बसला. पुढे तोंड उघडलं असतं तर थोर पुरुषाचा अपमान केला म्हणून त्यालाच फाडून खाल्लं असतं. बाबा अर्धवट उठले होते. शिपायाने हातानेच बसा म्हटलं आणि ते बसले. त्यानंतर संगमरवर की ग्रॅनाइट आणि उद्‌घाटन कोणाच्या हस्ते, यावर मात्र चांगली कडाडून चर्चा झाली. गल्ली बंद करायला कोणाचाच विरोध उरला नाही.

परत येताना रिक्षात मी विचारलं, "आणि आत्या?"

"किल्ली मागू. अर्ज करतो मी."

मला त्या अर्जाचा इतका संताप आला की घर येईपर्यंत मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. अर्ज त्यांनी केला. उत्तर आलं नाही. आत्याला खरं काय ते सांगायचं धाडस मात्र त्यांना झालं नाही, आणि ते सांगत नाहीत म्हणून आईही गप्प राहिली. गल्लीच्या तोंडाशी खांब उभे राहिले तेव्हा आत्या कौतुकाने म्हणाली, कमान छान दिसेल.

उद्‌घाटनाला बाबांना अर्जदार म्हणून हार घातला. माझ्या शाळेच्या बक्षीस समारंभालाही न घातलेला सूट त्यांच्या अंगावर होता. वस्तीतले लोक पलीकडच्या बाजूला उभे होते, सगळ्यांच्या पुढे ठेवणीतली साडी नेसलेली आत्या. भावाच्या गळ्यात हार पडला तेव्हा तिने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. मग फाटकाची दोन्ही दारं ओढून घेतली आणि कुलूप लावलं. आत्या हसतच होती. फोटोपुरतं लावलंय असं तिला वाटलं असावं.

फोटो झाले. पेढे वाटून झाले. कुलूप तसंच राहिलं. तिने गज धरले आणि मोठ्याने विचारलं, "अरे बाळ, आता मी येऊ कुठून?"

हार घालणाऱ्या नगरसेवकाने बाबांकडे वळून विचारलं, "माताजी क्या कह रही हैं?"

"मेरी बड़ी बहन हैं," बाबा म्हणाले. "आशीर्वाद दे रही हैं."

नगरसेवकाने फाटकाकडे बघून आदराने हात जोडले. आत्यानेही, समोरच्याने नमस्कार केला म्हणून, गज सोडून त्याला हात जोडले.