टोपीमास्तरांच्या नजरेचं माप

टोपीमास्तर डोकं मोजत नसत, बघत. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतंय तोवर त्यांनी त्याला एकदा समोरून, एकदा बाजूने न्याहाळलेलं असे, आणि ते बाकावर टेकतंय तोवर पाटीवर खडूने आकडा पडलेला असे. फीत लावायची ती नवशिक्यांनी, हे त्यांचं मत. कोणी न विचारता दिवसातून दोनदा तरी ते ऐकवत. स्वतःच्या गळ्यात मात्र फीत कायम लोंबत असायची. ती कशाला, असं कोणी विचारलंच तर म्हणायचे, "शोभेला. डॉक्टरांच्या गळ्यात नळी नसते का?"

बाहेरच्या खोलीत दुकान, आत संसार आणि मध्ये एक निळा पडदा. दुकानात फळीवर लाकडी डोकी ओळीने मांडलेली. त्यातल्या एकाला नातीने काजळाने मिशा काढल्या होत्या, तेव्हापासून मास्तर त्याला व्याही म्हणत. सूनबाई ऐकून न ऐकल्यासारखं करत. बेतायचं, कापायचं, शिवायचं मास्तरांनी; शेवटचा हात मास्तरीणबाईंचा. टोपीला वाफ द्यायची, अस्तरावर इस्त्री फिरवायची, कपाळाला टेकणारी आतली पट्टी नीट दाबून बसवायची आणि टोपी डब्यात घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. "शिवणं माझं, सजवणं हिचं," असं मास्तर सांगत, पण 'सजवणं' हा शब्द ते असा उच्चारत की जणू त्यात काही रामच नाही.

घरात वाढदिवसाला नवी टोपी मिळे. पडद्यामागच्या भिंतीवर प्रत्येकाची खुंटी होती. घरात कोणी रुसलं तर काही बोलायची गरज नसे. टोपी उचलून बाहेर पडायचं. रिकामी खुंटी बघून बाकीच्यांना कळे की आज कोणाची समजूत काढायची आहे. नात भिंगरीच्या खुंटीवर तिची बाळपणीची, वाटीएवढी लोकरीची टोपीसुद्धा अजून लटकत होती. मास्तर स्वतः मात्र कित्येक वर्षं एकच तपकिरी टोपी वापरत, आणि ती खुंटीवर क्वचितच दिसे. ती सकाळी चढायची ती झोपतानाच उतरायची. खाली चकाकतं टक्कल होतं, आणि टोप्या विकणाऱ्याने ते दाखवू नये असं त्यांचं म्हणणं होतं.

एका खुंटीवर पन्नास वर्षं फक्त छत्री. ती मास्तरीणबाईंची.

लग्न ठरलं तेव्हा मास्तर मोठ्या हौसेनं म्हणाले होते, "घरात आलीस की पहिली टोपी तुझी." त्यावर या बाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं, "एवढं एक सोडून बोला. साऱ्या जगाला टोप्या घाला, मला घालायची नाही." सगळे खो खो हसले, मास्तरही हसले. पण बाईंनी ते अक्षरशः खरं केलं. थंडी असो, ऊन असो, डोक्याला रुमाल बांधतील पण टोपी नाही. वर शेजारणींना सांगत, "यांनी गावभर टोप्या घातल्या, पण मला काही घालता आली नाही हो!"

मास्तर वरवर हसत, पण त्यांना ते लागे. घरातलं सर्वांत जवळचं डोकं तेवढं त्यांच्या हातून सुटलं होतं.

लग्नाला पन्नास वर्षं पुरी व्हायला आठवडा होता. दारासमोरच्या पायऱ्यांवर सगळ्यांचा फोटो काढायचं ठरलं होतं. सकाळी वाटाणे सोलता सोलता बाई म्हणाल्या, "फोटोसाठी यंदा टोपी घालीन म्हणते."

मास्तरांच्या बोटात सुई शिरली.

"काय म्हणालीस?"

"टोपी. घालीन. पण फीत लावायची नाही, मध्ये एकदाही घालून बघायची नाही. एवढी नजरेची फुशारकी मारता ना? मग एकदाच, सगळ्यांसमोर."

"हात्तिच्या! एवढंच?" मास्तरांना स्वर्ग दोन बोटं उरला. आणि माणसाला स्वर्ग दोन बोटं उरला की जीभ सैल सुटते. "नाही बसली तर कात्री कायमची खाली ठेवीन. दुकानाला कुलूप!"

"बाबा, उगाच काहीतरी बोलू नका," सूनबाई म्हणाल्या. "शब्द मागे घ्या बघू."

पण मास्तर शब्द मागे घेणाऱ्यांतले नव्हते. वाटाणे सोलायचा बाईंचा हात जरा थांबला.

तो आठवडा मास्तर बायकोकडे सारखे बघत होते. जेवताना, केर काढताना, केस विंचरताना.

"पन्नास वर्षांत एवढं कधी बघितलं नाहीत," बाई म्हणाल्या.

"बघतोय कुठे? मोजतोय."

कापड त्यांनी कपाटाच्या तळातून काढलं, राखाडी निळं, मऊ लोकरीचं, कोणालाही न दाखवलेलं. टोपी तयार झाली तशी त्यांच्या मनात नको ती शंका वळवळू लागली. एका दुपारी बाई आडव्या झाल्या होत्या. मास्तरांनी गळ्यातली फीत काढली आणि ते चवड्यांवर, श्वास रोखून, उशाशी गेले. फीत कपाळापासून वीतभर अंतरावर होती तेव्हा बाई डोळे न उघडता म्हणाल्या, "अहो, माशी बसलीय का माझ्या डोक्यावर?"

"छे, छे. डास होता," मास्तर म्हणाले आणि आल्या पावली दुकानात गेले.

फोटोचा दिवस उजाडला. फोटोग्राफरने कॅमेऱ्याचं तिकाटणं लावलं. मुलगा, सूनबाई, भिंगरी आपापल्या टोप्या घालून पायऱ्यांवर बसले. मास्तरांनी डबा उघडला आणि पन्नास वर्षं वाट पाहिलेली ती टोपी दोन्ही हातांनी बायकोच्या डोक्यावर ठेवली.

टोपी ठेवली तिथे थांबलीच नाही. कपाळावरून घसरली, कान झाकले, डोळे झाकले आणि नाकावर येऊन विसावली. खाली बाईंची तेवढी हनुवटी दिसत होती.

भिंगरी फिस्सकन हसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. फोटोग्राफर उगाचच भिंग पुसू लागला.

वयाच्या बाराव्या वर्षापासून मास्तर टोप्या शिवत होते. त्यांच्या हातांना दुसरं काही येतच नव्हतं. उद्या सकाळी उठून काय करायचं, हे त्यांना खरोखर सुचेना. त्यांनी गळ्यातली फीत काढली, गुंडाळली आणि पायरीवर ठेवली.

"झालं," ते म्हणाले. "कात्री आजपासून बंद."

"झालं असं कोणी सांगितलं?" टोपीखालून आवाज आला.

बाईंनी टोपी काढली. कमरेच्या पिशवीतून घडी घातलेल्या दोन कागदी पट्ट्या काढल्या, एका बोटाने टोपीतली पट्टी उचलली, कागद खाली सरकवले, अंगठ्याने दाबले. भाजीत मीठ टाकावं तितक्या सहज. टोपी परत डोक्यावर ठेवली. ती अगदी अचूक बसली.

टोपीकडे बघायचं सोडून मास्तर त्या बोटांकडे बघत राहिले. कारागिराला दुसऱ्याचा सरावलेला हात ओळखू येतोच.

"कागद आधीच कापून ठेवले होतेस?"

"हो."

मास्तरांनी भिंगरीच्या डोक्यावरची टोपी उचलली. पट्टी उलटली. आत कॅलेंडरच्या कागदाची घडी. मुलाच्या टोपीत तीच. सूनबाईंनी आपली टोपी स्वतःच काढून हातात दिली आणि त्या खाली बघू लागल्या.

"आणि गिऱ्हाइकांच्या?"

"सगळ्यांच्या," बाई म्हणाल्या. "हा जाड भिंगांचा चष्मा आला ना, तेव्हापासून. पाच वर्षं झाली. त्यातून तुम्हाला प्रत्येक डोकं बोटभर मोठं दिसतं."

मास्तरांनी चष्मा काढला, हातात फिरवला, परत घातला. घरादाराला ठाऊक होतं, म्हणजे दिव्याखाली तेवढा अंधार.

"प्रत्येक डोकं बोटभर," ते जरा घुश्शातच म्हणाले. "मग तुझं दोन बोटं कसं?"

"एक बोट चष्म्याचं. दुसरं लग्नातल्या अंबाड्याचं. तो केव्हाच गेला. तुम्ही अजून तोच धरून बसलात." बाईंनी मान वळवून दाखवली. टोपीखाली केसांची सुपारीएवढी गाठ होती.

"मला तर तेवढाच दिसतो," मास्तर हळूच म्हणाले, आणि एवढं सगळ्यांसमोर बोलून गेल्याचं कळल्यावर त्यांचे कान लाल झाले.

बाईंनी टोपी उगाचच सारखी केली. मग मास्तरांनी विचारलं, "आधी का नाही सांगितलंस?"

"तेव्हाच कात्री ठेवली असती तुम्ही. ओळखत नाही का मी?"

"मग आज का?"

"मी त्र्याहत्तरची झाले. उद्या मी नसले तर कागद कोण घालणार? लोकांच्या टोप्या लोकांच्या नाकावर येण्यापेक्षा म्हटलं, माझी माझ्या नाकावर आलेली बरी. घरच्या घरात." त्यांनी पायरीवरची फीत उचलली आणि मास्तरांच्या गळ्यात टाकली. "आता सांगा, टोपी बसली की नाही?"

"बसली."

"मग कात्री ठेवायचं कारणच नाही. फक्त उद्यापासून ही शोभेला नाही. गिऱ्हाईक आलं की लावायची. कबूल?"

मास्तरांनी मान हलवली. मग घाम पुसायला त्यांनी आपली तपकिरी टोपी काढली. पुसता पुसता त्यांचा अंगठा आतल्या पट्टीवरून गेला आणि जागच्या जागी थबकला. आरशात बघून, तोच चष्मा लावून शिवलेली टोपी. त्यांनी पट्टी उलटली. आत घामाने पिवळा पडलेला कागद होता, त्यावर पाच वर्षांपूर्वीचा मार्च महिना.

"ही पण?"

"ती तर पहिली."

"म्हणजे जगाला टोप्या घालणाऱ्याला तू पाच वर्षं टोपी घातलीस!"

"घातली," बाई म्हणाल्या. "आणि कशी छान बसली होती!"

पायऱ्यांवर एकच हशा पिकला. मास्तर तर असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि फोटोग्राफरने नेमका तेव्हाच खटका दाबला. घरात आज तोच फोटो लावलेला आहे. त्यात सगळ्यांच्या डोक्यावर टोपी आहे आणि टोपीमास्तर तेवढे बोडके.

फोटो झाल्यावर भिंगरी म्हणाली, "आजोबा, द्या तो कागद, टाकून देते. नवीन टोपी शिवा आता, मापाची."

मास्तरांनी कागद होता तसाच घडी करून पट्टीखाली सरकवला, अंगठ्याने दाबला आणि टोपी डोक्यावर ठेवली.