डोक्यावरचा श्री

भागोजी शितपांनी रत्नागिरीत जन्मभर टपाल वाटलं. कार्डाच्या डोक्यावर 'श्री' नसला की कुणीतरी गेलं समजायचं, आणि ते कार्ड वाचून फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं.

२००४ साली मुंबईहून नातीचं, मनस्वीचं कार्ड आलं. ती भागोजींच्या बहिणीकडे राहून शिकत होती. वर श्री नाही, नमस्कार नाही. भागोजींच्या पायाखालची जमीनच सरकली. न वाचताच त्यांनी कार्ड टराटरा फाडलं. बायकोनं रडत रडत तुकडे जुळवले. "पास झाले. बाकी ओके. बाय."

दिवाळीला मनस्वी आली तेव्हा भागोजी कडाडले, "जित्या माणसांना असं लिहितात काय गो?"

"आजोबा, मेसेजमध्ये असंच लिहितात!"

"खड्ड्यात गेला तुझा मेसेज! आधी श्री, मग साष्टांग नमस्कार, मग काय ती खबर!"

मनस्वीनं मान डोलावली आणि आजोबांसाठी आणलेला मोबाइल पुढे केला.

शिमग्याच्या आधी त्यावर तिचा मेसेज आला. वरच श्री! भागोजी हरखले. "बघ, पोर सुधारली," असं बायकोला सांगत ते मोठ्यानं वाचू लागले, "श्री. साष्टांग नमस्कार. आत्याआजी आत्ताच गेली."

मोबाइल दोन्ही हातांत घट्ट धरून ते उभेच राहिले. हे फाडायचं कसं?