स्थळाची चौकशी आणि आमचा जागरूक ग्रुप

बंगळूरला मारतहळ्ळीच्या आमच्या सोसायटीत सुरक्षेसाठी एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. फार जागरूक हो! मागे एकदा भिंतीला टेकून बसलेल्या एका 'संशयास्पद बाई'चा फोटो आला, सगळ्यांनी घाबरून घेतलं, आणि ती निघाली नवव्या मजल्यावरच्यांची सख्खी आई. गुडघा दुखत होता बिचारीचा. माफी कोणी मागितली नाही, अंगठे मात्र भरपूर दाखवले.

तर त्या शनिवारी सकाळी मी कुकर लावत होते आणि फोन टिंग टिंग करायला लागला. फोटोत एक गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. खाली लिहिलेलं, हा माणूस आमच्या मजल्यावरच्या एका मुलाची माहिती काढतोय. झालं, सगळे शूर झाले. एक म्हणाला पोलिसांना बोलवा, दुसरा म्हणाला गेट लावा. दोघंही आपापल्या पलंगावरून. मग सेक्रेटरींनी कळवलं, माणसाला वॉचमनच्या खोलीत बसवलंय. विचारत काय होता, तर मुलगा पितो का आणि स्वभावाने कसा आहे!

आता मला सांगा, कुठला चोर हे विचारतो? हा मुलीचा बाप! आणि मुलगा माझा! पस्तिशीला टेकलेल्या माझ्या लेकाला किती दिवसांनी एक बरं स्थळ आलं होतं, नागपूरचं. आपल्यात मुलगी द्यायची तर बाप आधी गुपचूप शेजारीपाजारी विचारून जातो. आणि आमच्या शूरांनी त्यालाच कोंडलेलं.

गाऊनवर ओढणी टाकली आणि धावले खाली.

"अक्का, इवरु यारु? तुमचे कोण हे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"कोण म्हणजे? पाहुणे आहेत आमचे!" जन्मात पाहिलं नव्हतं मी त्यांना.

लिफ्टमध्ये पाहुणे कसनुसं हसले. "वहिनी, राग मानू नका. तुमच्या मजल्यावर सगळ्यांना विचारलं मी. तुमचा मुलगा कसा, हे एकालाही सांगता आलं नाही. मी आलोय, हे मात्र साऱ्या बंगळूरला कळलं. अशा जागी पोरगी द्यायची म्हणजे अडीनडीला तिने हाक कुणाला मारायची?"

"असं कसं? समोरचे चांगले ओळखतात आम्हाला," मी ठसक्यात म्हटलं. दर दिवाळीला फराळ जातो माझा तिथे. बेल दाबली. आत चपला वाजल्या, दाराच्या भिंगामागे कोणीतरी आलं, पण दार काही उघडेना. उलट माझ्या हातातला फोनच वाजला: 'तोच माणूस आता माझ्या दारात. सोबत एक बाई पण आहे.'

पाहुण्यांनी माझ्या खांद्यावरून वाचलं. मी मनात म्हटलं, गेलं स्थळ.

"बाई म्हणजे तुम्हीच ना?"

"मीच! आणखी कोण?"

तेवढ्यात आमचंच दार धाडकन उघडलं. लेक. अर्धी चड्डी, विस्कटलेले केस, हातात माझं लाटणं. "आई! कुठे गेली होतीस न सांगता? खाली चोर आलाय म्हणे, मी तुला शोधायला निघालो होतो. आत हो आधी!" आणि मला मागे ओढून स्वतः पुढे उभा राहिला.

पाहुण्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सावकाश चपला काढल्या.

"तो चोर मीच," ते म्हणाले. "लाटणं ठेवा आणि चहा टाका बरं, जावईबापू."