पडून असलेली कैरी

बापू मुंगी तसे लाख चांगले, पण दुकानाच्या गादीवर बसले की खरं बोलायचं त्यांच्या जिवावर यायचं. उज्जैनला देवळाच्या वाटेवर त्यांचं चादरींचं दुकान. माल जवळच्याच भैरवगढच्या यासीनभाईंचा, लाकडी ठप्प्यांनी हाताने छापलेला. त्यातली लाल कैरीची, म्हणजे कोयरीच्या नक्षीची, चादर हातोहात जायची. घरखर्च तिच्यावरच चालायचा, बाकीच्या चादरी कप्प्यात झोपा काढायच्या. पण यासीनभाईंनी फोनवर विचारलं, “बापू, कैरी कैसी चल रही है?” की बापूंचं उत्तर ठरलेलं, “कहाँ भाई, पड़ी है.”

माई, म्हणजे बापूंची बायको, शेजारी घड्या घालत बसलेली असायची. तिचं डोकं उठायचं.

“अहो, खोटं कशाला सांगता?”

“तुला धंद्यातलं कळत नाही. विकते म्हटलं की उद्या भाव वाढवेल.”

वर्षानुवर्षं हेच. सांगून सांगून माईच्या तोंडाला फेस आला होता.

यंदा श्रावणात कैरी संपली. गिऱ्हाईक रोज विचारतंय आणि नवा गठ्ठा काही येईना. शेवटी बापूंनी फोन लावला. तेव्हाही काय म्हणावं या माणसाने? “दो-चार कैरी भेज देना, जगह खाली पड़ी है.” माईने हात लांब करून स्पीकर सुरू केला.

“कैरी तो मैंने बंद कर दी,” यासीनभाई म्हणाले. “आप ही कहते थे, पड़ी है. ठप्पे कल एक होटलवाला ले जाएगा, दीवार पे सजाने.”

“हमको बताया क्यों नहीं?”

“सोचा, सुनकर आप बाकी माल भी कम कर दोगे.”

घ्या! हे लपवतायत, तेही लपवतायत. दोघे एकाहून एक शहाणे, आणि चांगली चालती चादर बुडाली. माई काही बोलणार, तेवढ्यात यासीनभाईंचा आवाज खाली आला.

“अब्बा के बनवाए ठप्पे थे. मुझे लगा, मेरे ही हाथ में वो बात नहीं रही.”

माईला गलबलून आलं. बापूंनी फोन जवळ ओढला.

“यासीनभाई, मैं झूठ बोलता था. सबसे ज़्यादा वही बिकती थी. एक नहीं बची.”

यासीनभाई हलकेच हसले. “आप भले आदमी हैं, बापू. मेरा दिल रखने को कह रहे हैं.” आणि त्यांनी फोन ठेवला.

बापूंनी पुन्हा लावला. उचलला नाही.

“आता कसं पटवायचं गं त्याला?”

“फोनवर तुमचं कोण ऐकणार? उठा. ऑटो करून जाऊ, त्यांना इथे आणू आणि रिकामा कप्पा दाखवू.”

बापू उठले. चपला शोधता शोधता पुटपुटले, “कप्पा बघून भाव वाढवला तर?”

“मागतील तो द्यायचा,” माई म्हणाली आणि शटर ओढलं.