रुबियाचा झेंडू

उदगीरच्या शिवकांताबाईंनी जन्मात कधी "मला येत न्हाई" असं म्हटलं नाही. निदान एकदा तरी म्हणायला हवं होतं! पण नाही. रेणापूरची ही लेक लग्न होऊन उदगिरात आली, तेव्हा शेजारणीनं सहज विचारलं, "शिलाई मशीन चालवता येती का ओ?" "हूं, येती की!" म्हणून बाई मोकळ्या. मग घरात येऊन स्वतःचाच चांगला ब्लाऊज उसवला, बाही कुठं जोडतात, टक्स कुठं घेतात ते बघितलं, आणि शेजारणीचा ब्लाऊज शिवून दिला. बसला की झकास! पुढं नवरा अवचित गेला तेव्हा पदरात एक पोरगी होती आणि ओसरीवर तेवढं मशीन. त्या मशीनवर बाईंनी घर चालवलं, रुद्राणीला मॅट्रिक केलं, आणि वर गल्लीत सगळ्यांशी भांडायलाही वेळ काढला.

आता उदगीर म्हणजे कर्नाटकाच्या उंबऱ्यावरचं गाव. निम्मी गल्ली मराठी बोलते, निम्मी कानडी. बाईंचं कानडी म्हणजे "बर्री, कुंद्री, ऊटा आयतेन्री", म्हणजे या, बसा, जेवण झालं का. त्याच्या पुढं सगळा अंधार. पण कबूल कोण करतंय? समोरची बाई कानडीत सुरू झाली की ह्या मान डोलवायच्या, मधूनमधून "हूं, हूं" करायच्या, आणि समोरचीला वाटायचं, काय समजूतदार बाई आहे! त्या 'हूं'नंच पुढं घात केला.

साल शहाऐंशीचं. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. जिल्हा आपल्याला मिळायला पाहिजे होता, म्हणून उदगीरकर अजून फुरंगटून बसलेले. त्यात पावसानं दगा दिलेला. विहिरींचे तळ दिसायला लागले, नळाला नुसती हवा यायची, गल्लीच्या तोंडाशी टँकर आला की घागरींची रांग पार मारुतीच्या पारापर्यंत जायची. आणि अशा वर्षी रुद्राणीचं लग्न जमलं! मुलगा सिद्धराम, लातूरच्या नव्या कचेरीत कारकून. घराणं बिदरच्या पलीकडचं, लिंगायत, बोलणं सगळं कानडी. "जिल्हा लातूरनं नेला, आता आमची पोरगीबी नेऊ लागलं," असं बाई सगळ्यांना सांगत सुटल्या. सांगताना चेहरा असा फुललेला, की तक्रार आहे का तोरा, ते ऐकणाऱ्याला कळू नये.

जमवाजमव चालली होती तेव्हा मुलाकडच्यांनी विचारलं होतं, "पोरीला कानडी जमंल का?" बाईंनी ठोकून दिलं, "न जमायला काय झालं? आमच्या घरात मी चोवीस तास कानडी बोलती!" रुद्राणी आतून पडद्याआडून आईकडं बघतच राहिली.

साखरपुड्याला सिद्धरामची आज्जी आली, शिवगंगाबाई. काडीसारखी बारीक म्हातारी, पण त्या घरात पान हलायचं तर तिला विचारून. जेवणं झाली. आज्जी बाईंच्या शेजारी सरकून बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि हळू आवाजात कानडीत बरंच काही बोलली. बाईंनी मान डोलवली. शेवटी आज्जीनं त्यांच्या डोळ्यांत बघून विचारलं, "हंदरक्क हू?"

"हूं!" बाई म्हणाल्या.

"हू?" आज्जीचा विश्वास बसेना.

"हूं तर! हूं, हूं!"

आज्जीचा चेहरा असा उजळला म्हणता! तिनं बाईंच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. सिद्धराम हसत पुढं आला. "मामी, आज्जी लई खूश झाली बघा. ती म्हणत होती, आमच्या घरात फुलांच्या मांडवाबिगर लग्न लागलेलं न्हाई. पण औंदा असला दुष्काळ, मांडवाला फुलं मिळतील का? आणि तुम्ही तर तोंडभरून हूं म्हणालात!"

कानडीत 'हू' म्हणजे फूल. हे बाईंना त्या घटकेला कळलं. चेहरा तसाच हसरा ठेवून त्या म्हणाल्या, "मग? येवढं काय त्यात!" आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत गेल्या. आत रुद्राणी तोंडात पदर कोंबून हसत होती. "अव्वा, आता गं?" बाईंनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मटकन खाली बसल्या.

गावात गजरा मिळायची मारामार होती, आणि ही बाई अख्खा मांडव फुलांचा कबूल करून बसलेली! दीर अमृतराव दुसऱ्या दिवसापासून फिरायला लागले. माळ्यांकडं गेले तर माळी म्हणाले, विहिरीत बेडूक न्हाई राहिला, फुलं कुठली? नांदेडला निरोप दिला, धर्माबादकडं माणूस पाठवला. सगळीकडून एकच उत्तर. अमृतराव थकून ओसरीवर टेकले.

"वैनी, सांगून टाका ना सरळ. आमची ऐकण्यात चूक झाली म्हणावं."

"म्हंजे मला कानडी येत न्हाई हे सांगू?"

"मग येतंय का?"

"भावजी, तुम्ही च्या प्या!"

खरं सांगायचं तर बाईंना स्वतःच्या फजितीचं एवढं नव्हतं. फजित्या त्यांनी पुष्कळ पचवल्या होत्या. पण रुद्राणी त्या घरात पहिलं पाऊल टाकणार ते 'खोटं बोलणाऱ्या बाईची पोरगी' म्हणून, हे त्यांच्या काळजाला लागलं होतं. बिनबापाची लेक, तिच्या पाठीशी आईच्या शब्दाशिवाय दुसरं होतं काय? आणि आज्जीनं तरी मागून मागून काय मागितलं, तर फुलं. बाईंना अन्न गोड लागेना.

असल्याच एका दुपारी त्या मशीनवर बसल्या होत्या. ब्लाऊजच्या पिवळ्या रुबियाची एक पट्टी हाताखाली होती आणि लक्ष भलतीकडं. दोरा अडकला. बाईंनी रागानं खस्सकन ओढला, तशी सगळी पट्टी चुण्या पडून गोळा झाली. "मुडदा बशिवला ह्या मशीनचा!" म्हणत त्यांनी तो बोळा भिरकावला. तो जाऊन पडला रुद्राणीच्या मांडीत.

"अव्वा," ती म्हणाली, "झेंडू."

बाई उठल्या. बोळा हातात घेतला, फिरवून बघितला. मग पुन्हा एक पट्टी घेतली, एका काठाला हातानं धावदोरा घातला, दोरा आवळला, गुंडाळी केली, खालून टाका मारला. वरचा काठ कात्रीनं बारीक बारीक कातरला. झेंडूच की हो! अगदी मांडवाला बांधण्याजोगा, टपोरा. "आगं बाई गं," एवढंच बाई म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसल्या.

वर्षानुवर्षांची कात्रणं घरात गाठोड्यांत पडलेली होतीच. आता हात पाहिजे होते. शेजारची साखराबाई तोंडानं फटकळ, पण उपाय तिनंच काढला. टँकरच्या रांगेत गल्लीतल्या सगळ्या बाया तासन्‌तास बसून काय करायच्या, तर एकमेकींशी भांडायच्या. साखराबाईनं कात्रणांचं गाठोडं नेऊन रांगेच्या मधोमध सोडलं. "तोंड चालवतासा तशी सुईबी चालवा! पोरगी आपल्या गल्लीची हाय." आणि काय सांगावं, घागरींना घागरी टेकलेल्या, आणि बाया सावलीला ओळीनं बसून फुलं करू लागल्या. म्हाताऱ्यांनी पांढऱ्या मलमलचे पिळे देऊन मोगऱ्याच्या कळ्या केल्या. टेरिलिनच्या पाकळ्या समईच्या ज्योतीजवळ नुसत्या धरल्या की कडा आपसूक वळायच्या, त्यांचे गुलाब झाले. कुणाचं फूल चपटं, कुणाचं वाकडं. बाई प्रत्येकीला नावं ठेवायच्या आणि प्रत्येकीचं फूल ठेवून घ्यायच्या. रांगेत गाणी सुरू झाली. टँकरवाला चक्रावला. "आज भांडण न्हाई व्हय?" त्यानं विचारलं, तर साखराबाईनं त्यालाच एक सुई ओवायला लावली.

पानांसाठी हिरवं कापड कमी पडलं. बाईंचा रेणापूरचा भाऊ व्यंकटी शिंपीकाम करायचा, आणि लातूरच्या नव्या कचेऱ्यांचे पडदे शिवायचं काम त्याच्याकडं होतं. तो पोतंभर हिरवी कात्रणं घेऊन आला. झालं, पानांचाही प्रश्न मिटला. अमृतरावांनी मोगऱ्याच्या अत्तराची कुपी आणून कळ्यांवर शिंपडली. त्यांना आता एवढा हुरूप आला होता, की येणाऱ्याजाणाऱ्याला "वास घ्या, वास घ्या" म्हणून थांबवायचे.

लग्नाचा दिवस उजाडला. बाहेर नुसता उन्हाचा भडका, झाडांना पान नाही, आणि गल्लीत मांडव असा, की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. खांबांना झेंडू, वर गुलाब, मधोमध मोगऱ्याच्या झालरी. वऱ्हाडाची गाडी थांबली. सिद्धराम उतरला, एका पानाजवळ जाऊन बघत राहिला आणि पुटपुटला, "हा तर आमच्या साहेबाच्या खोलीतला पडदा!" करवल्यांनी त्याला पुढं ढकललं.

बाई मात्र मांडवात नव्हत्या. विधवा बाई, केसांत फूल माळायचं नाही, तिथं लग्नाच्या कामात पुढं कशी येणार? मुलीच्या बाजूनं सगळं अमृतराव आणि त्यांची बायको करणार, असं ठरलेलंच होतं. बाई स्वयंपाकाच्या बाजूला पडद्यामागं उभ्या राहून फक्त आज्जीकडं बघत होत्या.

आज्जी मांडवात आली. वर बघितलं. हात वर करून एक झेंडू चिमटीत धरला, चुरगाळून बघितला. तो चुरगळेना. तिनं तो नाकाशी नेला, मग तोडूनच घेतला आणि मोठ्यानं म्हणाली, "इदु हू अल्ला! फूल न्हाई हे!"

वाजंत्रीवाल्यानं सनई खाली घेतली. लपून राहायचा बाईंचा स्वभाव नव्हता. त्या पडदा सारून सगळ्यांसमोर आल्या.

"न्हाई, आज्जी," त्या म्हणाल्या. "कापड हाय. मला कानडी येत न्हाई. तुम्ही इचारलं, मी न समजता हूं म्हटलं. खोटं बोलले ती मी. माझ्या लेकीचा त्यात कायबी दोष न्हाई."

सिद्धराम आज्जीच्या कानाशी कानडीत सांगायला वाकला, तर तिनं हातानंच त्याला गप्प केलं. सगळं समजलं होतं तिला. ती एकेका खांबाजवळून चालत गेली, वाकडी फुलं, चपटी फुलं, सगळी हातानं चाचपत. मग शिवकांताबाईंसमोर येऊन उभी राहिली.

"फूल न्हाई," मोडक्या मराठीत ती म्हणाली. "कापड. होय ना?"

"होय."

"कापडाला कोण नको म्हणतंय आपल्याला?"

आणि म्हातारीनं टाच उचलून तो पिवळा झेंडू शिवकांताबाईंच्या अंबाड्यात खोचला. मग मोगऱ्याची एक कळी ओढून घेतली आणि स्वतःच्या पांढऱ्या केसांत अडकवली. तिचा नवरा जाऊन किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक.

बाई तिथंच ढसाढसा रडल्या, आणि रडता रडता हसूही आवरेना. अमृतरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. बायांमधून कुणीतरी काहीतरी कुजबुजलं, पण साखराबाईनं अशी नजर टाकली की ते तिथंच जिरलं. आज्जीनं बाईंचा हात घट्ट धरला आणि त्यांना ओढत बोहल्याजवळ नेलं. रुद्राणीच्या अगदी शेजारी उभं केलं. अमृतरावांच्या बायकोनं आपल्या हातातल्या अक्षता बाईंच्या ओंजळीत ओतल्या, आणि सनई पुन्हा सुरू झाली.